चढापुरतं बटण

पाण्याची गाडी चढाच्या मधोमध, तिसऱ्या वळणाच्या अलीकडे, मागच्या चाकांना दगड लावून उभी होती. इंजिन गुदमरून बंद पडलं होतं आणि त्यानंतर डोंगरावर उरलेल्या शांततेत टाकीच्या झाकणातून गळणाऱ्या थेंबांचा आवाज तेवढा येत होता. थेंब तापलेल्या मुरमावर पडायचा, काळा डाग उमटायचा आणि दुसरा थेंब पडेपर्यंत तो विरून जायचा. वर, वळणाच्या कडेला, वरच्या पाड्यातल्या बाया रिकामे हंडे काखेला लावून उभ्या होत्या. त्या खाली गाडीकडे बघत होत्या, आणि गाडीत बसलेला धर्मेंद्र समोरच्या काचेवर चिकटून वाळलेल्या एका किड्याकडे.

मान वर केली असती तर त्याला चंदा दिसली असती. ती त्या बायांत होती, एका अंगाला, फिकट हिरव्या लुगड्यात. पहिल्या वळणावरच त्याने तिला पाहून घेतलं होतं.

शेवटी सुकीनं तोंड उघडलं. चंदाच्या आईच्या शेजारघरातली ही बाई बोलायला कोणाला भीत नसे.

"बिनलग्नाचा जावय न बिनपाण्याची गाडी," ती म्हणाली. "दोनी निम्म्याच वाटंवर."

एकदोघी हसल्या, पण ते हसू उन्हात टिकलं नाही. चंदाने हंडा या काखेतून त्या काखेत घेतला. धर्मेंद्रने उतरून चाकांचे दगड काढले, पुन्हा आत बसला, आणि चार हजार लिटरची ती टाकी आरशात बघत, ब्रेकवर पाय दाबून, इंचाइंचाने मागे उतरवू लागला. गाडीचं तोंड वर, चाल खाली. समोरून त्या बाया गाडीपाठोपाठ उतरत होत्या, म्हणजे त्याच्याकडे तोंड करून चालत येत होत्या. त्या साऱ्या उतारभर त्याला कुठे बघावं ते कळलं नाही.

सूर्यमाळच्या अंगाला डोंगराच्या कुशीत हे दोन पाडे होते. खालचा पाडा रस्त्याला लागून, वरचा पाडा पाच वळणांच्या चढावर. दोन्हींना आपापली विहीर होती आणि माघ सरला की दोन्ही विहिरी तळाचा कातळ दाखवीत. मग तालुक्याहून टँकर लागे. टँकरचं पाणी घरोघर वाटण्याची रीत नव्हती. गाडी विहिरीच्या काठाशी लावायची, नळी आत सोडायची, सगळं पाणी विहिरीच्या पोटात ओतायचं आणि मग बायांनी ते नेहमीसारखं दोराने शेंदून काढायचं. विहिरीचं पाणी विहिरीतूनच घ्यावं, अशी लोकांची भावना होती. कागदावर दिवसाला दोन खेपा होत्या, दोन पाड्यांच्या दोन विहिरींना. पण भरली गाडी पाच वळणं चढत नसे. अर्धी टाकी घेऊन जाणं त्याहून वाईट. चढावर पाणी मागे धाव घ्यायचं आणि गाडीचं तोंड हलकं होऊन पुढची चाकं मुरमावर नाचायची. म्हणून दोन्ही खेपा खालच्या विहिरीत पडत, आणि वरच्या बाया पाच वळणं उतरून पाच वळणं चढत.

शिमग्यानंतर त्याच चढावर चंदाची आई, पोशी, हंड्यासकट पडली होती. कमरेतलं हाड सरकलं. जव्हारच्या दवाखान्यातून परत आली ती बसत-सरकत चालण्यापुरती. आठ दिवसांसाठी आईला बघायला गेलेली चंदा तेव्हापासून तिथेच होती. चार वर्षं ती आणि धर्मेंद्र जामसरला एका घरात राहत होते. लग्न अजून लागायचं होतं. त्यांच्यात कितीतरी जोडप्यांचं असं सवडीनं लागे, आणि या वैशाखात लावायचं ठरलंही होतं. वैशाख आला तेव्हा चंदा डोंगरावर होती.

चैत्रात तो तिला न्यायला गेला. घरासमोरच्या विहिरीकडे तिने बोट केलं. पोशीच्या अंगणापासून ती दहा पावलांवर होती.

"हिच्यात पाणी असता तं आयस बसून शेंदली असती. सुकी एक हंडा काढून देती," ती म्हणाली. "खालून आणून कोण देल? हिच्यात पाणी पडू दे. मंग येन."

तिच्या बोलण्यात राग नव्हता, आणि तेच त्याला जड गेलं. राग असता तर तो काढता आला असता.

त्यानंतर दोन आठवड्यांनी या ठेकेदाराच्या टँकरवर चालक हवा आहे असं त्याला कळलं, आणि विटांच्या भट्टीवरची गाडी सोडून तो इकडे आला. कारण कोणी विचारलं नाही.

रात्री तो मोखाड्यात गाडीतच निजे. आठवड्यातून एकदा जामसरला घरी जाई. कुलूप नव्हतंच, दाराला दोरी होती. आत शेणानं सारवलेल्या जमिनीला भेगा पडल्या होत्या. तिचा हात फिरला नव्हता म्हणून जमीन आपल्यापरीनं बोलत होती. कारवीच्या कुडाच्या भिंतीत, चुलीच्या वरच्या अंगाला, चंदाची लाकडी फणी खोचलेली होती आणि फणीच्या दातांत दोन केस होते. तो भाकरी थापी, खाई, फणीकडे बघे. काढून हातात घ्यावीशी वाटे. पण काढली तर ती जशी खोचली होती तशी पुन्हा खोचता येणार नाही, म्हणून तो तिला हात लावत नसे.

गाडी उलटी उतरवली त्या दिवशी दुसरी खेप संपवून तो मोखाड्याच्या बाजारात हरेशच्या टपरीवर गेला. हरेश त्याच्याबरोबर आश्रमशाळेत होता. पुढे तीन वर्षं भिवंडीला ट्रकांच्या वायरिंगचं काम केलं, आणि एका पावसाळ्यात भात लावायला म्हणून आला तो परत गेला नाही. आता तो मोबाइल दुरुस्त करी. टपरीच्या मागच्या फळीवर लोकांनी टाकून दिलेले रेडिओ धूळ खात होते. अधूनमधून तो एखादा उघडून नुसता बघत बसे.

धर्मेंद्रने चढाचं सांगितलं. हरेशने गाडी कोणती, कोणत्या साली घेतलेली, ते विचारलं. गाडी दोन हजार आठची, एक वर्ष जुनी.

"मंग तिच्या डोक्यात कॉम्प्युटर हाय," हरेश म्हणाला. त्याच्या आवाजात बऱ्याच दिवसांनी काहीतरी जागं झालं. "जुनी असती तं पंपाचा स्क्रू पिळला असता. हिचा पंप नाय ऐकत. हिचा कॉम्प्युटर सांगल तेवढाच डिझेल पडतो."

"त्याला सांगायचा कसा?"

"खोटा सांगायचा."

तो उठून गाडीपाशी आला. बॉनेट उघडून त्याने इंजिनच्या अंगावर बसवलेली पितळी खुंटी दाखवली. तिच्यातून दोन बारीक वायरी निघत होत्या. ही इंजिनच्या पाण्याचा ताप बघते आणि वर कळवते, त्याने सांगितलं. पहाटे इंजिन गार असतं तेव्हा कॉम्प्युटर त्याला जास्त डिझेल पाजतो; अंग तापलं की हात आखडतो. आता या वायरीत मधे वीज अडवणारा एक रेझिस्टन्स घातला, की कॉम्प्युटरला वाटत राहणार गाडी अजून पहाटेचीच आहे. भिवंडीला घाटावरचे चालक असं करून घेत. त्याने पाहिलं होतं, स्वतः केलंही होतं.

फळीवरच्या रेडिओतला एक त्याने उघडला. बोटाच्या पेराएवढी, पोटाला रंगीत पट्टे असलेली ती वस्तू त्याने कापून काढली. त्याच रेडिओचं बटणही घेतलं. पट्ट्यांवरून बोट फिरवत त्याने मनाशी हिशेब केला, मान हलवली, दुसऱ्या रेडिओतला दुसरा रेझिस्टन्स काढला. मग वायर कापून त्याने डाग दिला. राळेचा धूर वर आला, तसा तो डोळे मिटून क्षणभर तसाच राहिला. डागाच्या या वासात त्याची भिवंडीची तीन वर्षं होती. बटण त्याने स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्याला लागेल असं बसवलं.

"ऐक," तो म्हणाला. "चढ आला, बटण खाली. चढ सरला, बटण वर. चढापुरतं हाय हे. बटण खाली असल तवर तापाचा काटा खोटा बोलतो. इंजिन उकळलं तरी काटा गारच दाखवल. तेव्हा काट्याकडं बघू नको, कान लाव. न पाण्याचा एक कॅन गाडीत ठेव, इंजिनसाठी."

धर्मेंद्रने मान डोलावली. हरेशनं काही घेतलं नाही. गाडी वर चढली तर सांग, एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या वळणाच्या अलीकडे त्याने गुडघ्याने बटण दाबलं. क्षणभर काही झालं नाही. मग गाडीच्या पोटात खोल कुठेतरी काहीतरी उघडलं, मागे काळा धूर फुटला, आणि आजवर तिथं मान टाकणारी ती गाडी खालच्या गिअरमध्ये रेटत, मुरूम उडवत, हळूहळू वर निघाली. वळणाच्या कडेच्या बाया बाजूला सरल्या. चौथं वळण. पाचव्यावर चाक एकदा घसरलं, धरलं. आणि मग अचानक सपाटी आली. मोहाचं झाड, कोंबड्या, पोशीचं अंगण, विहीर.

नळी आत सोडली तेव्हा विहिरीच्या कोरड्या कातळावर पाणी आपटल्याचा आवाज झाला. तीन महिन्यांत त्या पाड्याने तो ऐकला नव्हता. म्हातारी माणसं घरांतून बाहेर आली. विहिरीतून आधी तापल्या दगडाचा वास वर आला, मग चिखलाचा, मग नुसता ओलाव्याचा. पोशी बसत-सरकत काठापर्यंत आली. तिने मुठीतले भाताचे चार दाणे आत टाकले, ओठ हलवले, आणि कान देऊन बराच वेळ ऐकत राहिली.

"जावया," ती म्हणाली, "गाडी चढली र तुझी."

चंदा गाडीच्या चाकापाशी उभी होती. तिने टायरला हात लावून बघितला. तापलेलं होतं, तरी हात काढला नाही.

"आज कशी चढली?" तिने विचारलं.

"हरेशनं वायर बसवली."

"कसली?"

"अशीच," तो म्हणाला.

त्यानंतर रोज एक खेप वर पडू लागली. विहिरीत दोन हात पाणी उभं राहिलं. सुकीची जीभ तशीच राहिली, पण तिच्यात आता चेष्टा होती. जावयाला मोहाखाली बसायला घोंगडं द्या, ती ओरडून सांगे, नाहीतर गाडी रुसेल.

टाकी रिकामी व्हायला वीस मिनिटं लागत. पहिल्या दिवशी ती वीस मिनिटंच त्यांना मिळाली. मोहाखाली तो बसे, चंदा नाचणीची आंबील आणून देई आणि जरा अंतरावर बसून लुगड्याच्या काठाचा दोरा ओढत राही. बोलणं असं फार नव्हतं. जामसरच्या घराची दोरी कोणी सोडली का, आंब्याला यंदा फळ आलं का, एवढंच. ती विचारी आणि तो सांगे, आणि मधल्या न बोलण्यात त्याला तिच्या हातांकडे बघता येई. तिच्या तळव्यांवर दोराचे घट्टे उठले होते. डोक्यावरच्या चुंबळीने तिचे पुढचे केस विरळ झाले होते. हे कोणीतरी आपल्यापासून चोरून नेलं असं त्याला वाटे, आणि चोर कोण हे कळत नसे.

दुसऱ्या दिवसापासून बटण त्याने बंधाऱ्यावर टाकी भरून निघतानाच खाली केलं. खोडाळ्याकडचा घाट गाडी उड्या मारत चढली. वर ती पाव तास आधी पोचली. तो पाव तास मोहाखालचा होता. परततानाही बटण खालीच राहिलं, कारण परत लवकर पोचलं तर भरणंही लवकर. काटा दिवसभर डाव्या अंगाला, गार, एका जागी होता. पहिल्या दिवशी त्याला त्या काट्याची भीती वाटली होती. चौथ्या दिवशी तो त्याच्याकडे बघून बरं वाटून घेऊ लागला, आणि काटा खोटं बोलतो हे त्याला ठाऊक होतं ते तसंच ठाऊक राहिलं, कुठेतरी मागे, घरात असून न दिसणाऱ्या वस्तूसारखं.

शुक्रवारी चंदा म्हणाली, "आयस काल बसून दोन घागरी शेंदली."

त्याने आंबिलीचं भांडं खाली ठेवलं.

"सोमवारी येन," ती म्हणाली. "दुपारच्या खेपंला तुझ्याच गाडीत बसून येन."

एवढं बोलून ती भांडं घेऊन आत गेली. त्या दिवशी घाट उतरताना तो मोठ्याने गात होता. कान लावायचं म्हणजे गाता येत नाही.

शनिवारी दुपारी ऊन असं होतं की विहिरीच्या काठावरचे दगडही हात लावू देत नव्हते. गेल्या दोन खेपा त्याला गाडीच्या तोंडाशी गोडसर, जळका वास येत होता. त्याने एकदा खाली वाकून बघितलं होतं. रेडिएटरच्या रबरी नळीला एका जागी फुगवटा आला होता, ओल होती. काटा गार होता. त्याने बॉनेट मिटलं होतं.

वर पोचल्यावर त्याने नळी विहिरीत सोडली. गाडीचा सेल्फ दमला होता म्हणून इंजिन चालूच ठेवलं. बंद केलं तर सपाटीवर ढकलायला माणसं लागली असती. टाकीचं पाणी पडलं की विहीर तासभर गढूळ होई, म्हणून पोशीला प्यायला चंदाने स्वच्छ पाणी मागितलं. त्याने सीटखालचा कॅन काढून दिला. इंजिनसाठीचा. चंदाने तो घरात नेऊन माठात ओतला.

मग ते मोहाखाली बसले. त्याने सांगितलं की जमीन भेगाळली आहे, तिला आल्यावर सारवावी लागेल. ती म्हणाली, शेण राखून ठेव. त्याने फणीचं सांगितलं नाही. टाकी रिकामी झाली होती. नळीतून शेवटची धार पडून थांबली होती, तरी तो उठला नाही. एकदा उठला, गाडीत डोकावला. काटा बघून आला. काटा गार होता. तो पुन्हा बसला.

आधी आवाज बदलला. सुकीनेच ओळखलं. दोर हातात धरून ती म्हणाली, गाडी दातओठ खाते बघा. मग बॉनेटच्या फटीतून वाफ उसळली. तो धावला, इंजिन बंद केलं, फडक्याने रेडिएटरचं झाकण पिळलं. वाफेचा लोट मनगट भाजून वर गेला. आतलं सगळं पाणी निघून गेलं होतं. त्याने सीटखाली हात घातला. कॅन नव्हता.

"पाणी," तो म्हणाला. "पाणी आणा."

विहिरीवर नुकते शेंदलेले हंडे भरून ठेवलेले होते. चंदा सगळ्यांत जवळ होती. ती आपला हंडा उचलून आली आणि त्याने दाखवलेल्या तोंडात ओतू लागली. ते पाणी गार होतं, विहिरीच्या पोटातलं. तिच्यामागून सुकी आली, मग आणखी तिघी, आपापल्या घरचा हंडा घेऊन. कोणी मागेपुढे पाहिलं नाही. पाच दिवस या गाडीने त्यांना पाणी दिलं होतं. पाचवा हंडा ओतला जात असताना इंजिनच्या आत खट्ट असा आवाज झाला, आगटीत बांबूचं पेर फुटावं तसा, कोरडा आणि एकदाच. खालून पाणी गळू लागलं.

चंदाचा रिकामा हंडा अजून तिच्या हातात होता. "काय झाला?" तिने विचारलं.

त्याला माहीत होतं. तो वाकून खालून गळणारं पाणी बघत राहिला.

निरोप खाली गेला. गाडीचा मालक, तो ठेकेदार, सकाळी येणार होता. उन्हं कलल्यावर बाया आपापल्या घरी गेल्या, चंदा आईला जेवू घालायला गेली, आणि तो एकटाच गाडीपाशी राहिला. तेव्हा त्याने पाना घेऊन स्टिअरिंगखालचं बटण उखडलं, रंगीत पट्ट्यांचा रेझिस्टन्स कापून काढला, आणि दोन वायरी पूर्वीसारख्या एकमेकींना पिळून वर चिकटपट्टी गुंडाळली. ती वस्तू त्याने दरीत टाकायला हात मागे नेला. टाकली नाही. खिशात ठेवली.

सकाळी मालक मेकॅनिक घेऊन आला. पाडा जमला. मेकॅनिक शहरचा होता, त्याने इंजिनच्या हेडला पडलेली चीर बोटाने दाखवली आणि हिंदीत विचारलं की तापलेल्या इंजिनात थंडं पाणी कोणी घातलं. नळी आधीच फुटलेली, ते ठीक. पण थंडं पाणी घातलं नसतं तर हेड वाचलं असतं.

धर्मेंद्र उभा होता. खिशातली ती वस्तू मांडीला टोचत होती.

"मी ओतला," चंदा म्हणाली. डोक्यावरचा पदर तिने पुढे ओढला होता.

मालकाने तिच्याकडे बघितलं, मग धर्मेंद्रकडे, आणि म्हणाला की बायांना काय कळणार, पण तू चालक ना. त्याने हात पुढे केला. धर्मेंद्रने चावी दिली. मोठ्या गाडीने दोर लावून त्या गाडीला खाली नेलं. पाच वळणं ती मुकाट उतरली.

चार दिवसांनी दुसरी गाडी लागली. ती जुनी होती आणि तिचा चालक नवसू नावाचा पन्नाशीचा माणूस. चढाकडे एकदा बघून त्याने दोन्ही खेपा खालच्या विहिरीत ओतल्या. वरच्या विहिरीतलं पाणी आठवडाभरात तळाला गेलं.

धर्मेंद्र हरेशच्या टपरीवर गेला. हरेशला बाजारात कळलं होतं. त्याने एकच विचारलं, काटा बघत होतास का. धर्मेंद्र हो म्हणाला. हरेशने हातातल्या मोबाइलचा स्क्रू पिळला आणि मग वर बघितलं नाही.

सोमवार येऊन गेला होता. त्याच्या पुढचा सोमवार आला तेव्हा तो खालच्या पाड्यापर्यंत जीपने गेला आणि चढ पायी चढू लागला. चौथ्या वळणावर चंदा भेटली. डोक्यावर दोन हंडे, एकावर एक, आणि काखेला तिसरा. सावलीच्या खडकापाशी तिने ते उतरवले. मानेवरचा घाम पुसला. तिचे पाय घोट्यापर्यंत लाल झाले होते.

"तिसरा कुणाचा?" त्याने विचारलं.

"सुकीचा. काल धोंडीचा होता." ती श्वास घेत थांबली. "चौघींनी माझ्यामागून पाणी ओतला. मीं पयला ओतला म्हणून त्यांनी ओतला. रोज एकीचा भरून देतंय. कोणी सांगला नाय. पण विहिरीवर गेली का बोलणं थांबतं."

त्याने तिच्याकडे बघितलं नाही. चढाच्या खाली नवसूची गाडी दिसत होती, खेळण्याएवढी, आणि तिच्या नळीतून चकाकणारी एक बारीक धार.

"सुकी काय म्हणते?" त्याने विचारलं.

"काय नाय म्हणत. तेच."

वाऱ्यावर मुरमाची धूळ उठली आणि हंड्यातल्या पाण्यावर बसली. चंदाने तळहाताने ती निपटून काढली. त्याने खिशात हात घातला आणि ती वस्तू तिच्यापुढे धरली. पट्टे होते तसेच होते. तपकिरी, काळा, लाल.

"तुझ्या पाण्यानं नाय फुटली," तो म्हणाला. "ती आधीच मेली होती. हा वायरीत होता. ह्याच्यामुळं गाडी चढायची. इंजिन उकळलं तरी काटा गारच दाखवायचा. हरेशनं सांगितला होता, चढापुरतंच बटण दाब म्हणून."

ती त्या वस्तूकडे बघत राहिली. हातात घेतली नाही.

"मंग?"

"मीं दिवसभर दाबून ठेवला."

"इसरलास?"

"नाय." त्याने पुढ्यातल्या भरलेल्या तीन हंड्यांकडे बघितलं. "दाबून ठेवला का गाडी पाव तास आधी यायची. तेवढा बसायला मिळायचा."

खाली नवसूच्या गाडीची धार थांबली. कोणीतरी नळी गुंडाळत होतं. चंदाचा चेहरा त्याला वाचता येईना. चार वर्षं एका चुलीपुढे बसून तो वाचता येत होता असं त्याला वाटत आलं होतं.

"त्या दिशी मेकॅनिकनं इचारला," ती हळू बोलली, "तेव्हा ह्यो तुझ्या खिशात होता?"

"होता."

तिने मान हलवली, हो म्हणून नव्हे आणि नाही म्हणूनही नव्हे. एखादं ओझं कुठून धरायचं ते ठरवताना हलते तशी. चुंबळ झटकली, पुन्हा वळली, डोक्यावर बसवली.

"चंदा," तो म्हणाला, "पावसाला आता पंधरा दिस हायत. विहीर भरल. आयस शेंदल. मंग तरी घरी येशील?"

ती खाली बसली, खालचा हंडा गुडघ्यावर घेतला, तिथून एका झोक्यात डोक्यावर. त्याने दुसरा उचलून द्यायला हात पुढे केले. तिने ते येऊ दिले नाहीत. मान ताठ ठेवून, वाकून, तोही तिने एकटीनेच चढवला. मग सुकीचा हंडा काखेला लावला. पाणी डचमळलं, एक ओघळ तिच्या कानामागून मानेवर उतरला, आणि ती वळून पाचव्या वळणाकडे चालू लागली.